लहान तपासणीपूर्वीची मोठी भीती

कोणत्याही मोठ्या रुग्णालयाच्या स्त्रीरोग विभागाबाहेर सकाळच्या वेळी बाकांवर ओळीने बसलेल्या स्त्रिया दिसतात. एखादीच्या हातात केसपेपर असतो आणि त्यावर एक अपरिचित शब्द लिहिलेला असतो: ‘कॉल्पोस्कोपी’. डॉक्टरांनी तिला इतकेच सांगितलेले असते की तपासणी किरकोळ आहे, पंधरा-वीस मिनिटांत आटोपेल. तरीही तिचे तळवे घामेजलेले असतात, घशाला कोरड पडलेली असते, आणि आदल्या रात्री तिला झोप लागलेली नसते. शेजारीण विचारते, “पिशवी काढायला सांगितली की काय?” या एका प्रश्नाने तिची उरलीसुरली धीटाई नाहीशी होते. काही वेळाने ती ‘पुढच्या आठवड्यात येते’ असे सांगून घरी परतते. पुष्कळदा तो पुढचा आठवडा उगवतच नाही.

वैद्यकाच्या दृष्टीने जे किरकोळ, ते रुग्णाच्या दृष्टीने किरकोळ असतेच असे नाही. शस्त्राची लांबी आणि भीतीची खोली यांचे प्रमाण ठरलेले नसते. ही भीती कशी उत्पन्न होते, शरीरात ती कोणते फेरफार घडविते आणि ती कशाने कमी होते, याचा अभ्यास गेल्या शंभर वर्षांत बराच झालेला आहे. तो समजून घेतल्यास बाकावर बसलेल्या स्त्रीलाच नव्हे, तर तिच्यासोबत आलेल्या बहिणीला, नवऱ्याला, मुलीला आणि तिला तपासणाऱ्या परिचारिकेलाही त्याचा उपयोग होण्यासारखा आहे.

तपासणी कशासाठी?

गर्भाशयाचा खालचा निमुळता भाग योनिमार्गात उघडतो. त्याला गर्भाशयमुख म्हणतात. बोलीभाषेत ‘पिशवीचे तोंड’. या ठिकाणी होणारा कर्करोग भारतीय स्त्रियांत स्तनाच्या कर्करोगाच्या खालोखाल आढळतो. २०२२ सालच्या जागतिक अंदाजानुसार त्या एका वर्षात भारतात सुमारे १ लाख २७ हजार स्त्रियांना हा रोग झाला आणि सुमारे ८० हजार स्त्रिया त्यास बळी पडल्या.

या रोगाचे वैशिष्ट्य असे की तो एका रात्रीत होत नाही. मानवी पॅपिलोमा विषाणू, म्हणजेच ‘एचपीव्ही’, याच्या काही जातींचा संसर्ग दीर्घकाळ टिकून राहिला, तर गर्भाशयमुखावरील पेशींत हळूहळू बदल होऊ लागतात. बहुतेक स्त्रियांत हा संसर्ग एक-दोन वर्षांत आपोआप नाहीसा होतो. ज्यांच्यात तो टिकतो, त्यांच्याही पेशींना कर्करोगाच्या अवस्थेपर्यंत जाण्यास सामान्यतः दहा किंवा त्याहून अधिक वर्षे लागतात. या दीर्घ मधल्या काळात बदललेला भाग ओळखता आला, तर तो गोठवून, उष्णतेने किंवा तारेच्या फाशाने काढून टाकता येतो आणि कर्करोग होण्यापूर्वीच टळतो.

कॉल्पोस्कोपी ही अशा वेळी केली जाणारी तपासणी होय. १९२५ साली जर्मनीत हॅन्स हिन्सेलमन यांनी तिची पद्धत प्रथम वर्णिली. कॉल्पोस्कोप म्हणजे प्रखर दिवा जोडलेले एक दुर्बिणीसारखे भिंग. ते शरीरात शिरत नाही. टेबलापासून थोड्या अंतरावर उभे असते. प्राथमिक चाचणीत शंकास्पद काही आढळले, तर या भिंगातून गर्भाशयमुख मोठे करून पाहतात आणि जरूर वाटल्यास तेथील दोन-तीन मिलिमीटरचा तुकडा तपासणीसाठी काढून घेतात. यालाच बायॉप्सी म्हणतात. म्हणून ‘कॉल्पोस्कोपीला बोलावले’ याचा अर्थ ‘कर्करोग झाला’ असा नव्हे. अधिक नीट पाहण्यासारखे काही आहे, एवढाच त्याचा अर्थ. बोलावलेल्यांपैकी बहुसंख्य स्त्रियांना कर्करोग नसतो.

अशा तपासणीचे मोल दाखविणारे काही मोठे प्रयोग भारतातच झाले आहेत. महाराष्ट्रातील तत्कालीन उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यात १९९९ साली सुरू झालेल्या अभ्यासात ३० ते ५९ वर्षे वयाच्या १ लाख ३१ हजारांहून अधिक ग्रामीण स्त्रियांचा समावेश होता. प्राथमिक चाचणीत दोष आढळलेल्या स्त्रियांची पुढे कॉल्पोस्कोपी केली जाई. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार एचपीव्ही-चाचणी केवळ एकदा केलेल्या गटात या कर्करोगाचे मृत्यू आठ वर्षांच्या अवधीत सुमारे निम्म्यावर आले. तमिळनाडूतील दिंडिगल जिल्ह्यात प्रशिक्षित परिचारिकांनी केलेल्या साध्या तपासणीमुळे हेच मृत्यू सुमारे ३५ टक्क्यांनी घटल्याचे २००७ साली दिसून आले. चाचणी, तपासणी आणि उपचार ही एक साखळी आहे. यांपैकी एक कडी भीतीपोटी सुटली, तर सारी साखळी निरुपयोगी ठरते. बाकावरून उठून घरी गेलेल्या स्त्रीची गोष्ट यासाठीच महत्त्वाची आहे.

भीतीचे शरीरशास्त्र

अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात वॉल्टर कॅनन हे शरीरक्रियाशास्त्रज्ञ मांजरांच्या पचनाचा अभ्यास क्ष-किरणांच्या साहाय्याने करीत होते. मांजर घाबरले वा चवताळले की त्याच्या जठराची हालचाल थांबते, असे त्यांच्या ध्यानात आले. पुढे १९११ साली, भुंकणाऱ्या कुत्र्यासमोर ठेवलेल्या मांजराच्या रक्तात ॲड्रेनॅलीन हा पदार्थ वाढतो, असे त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले. मूत्रपिंडांच्या माथ्यावर असलेल्या अधिवृक्क ग्रंथी हा पदार्थ रक्तात सोडतात. त्यामुळे हृदय जलद चालते, रक्त आतड्यांकडून स्नायूंकडे वळते, यकृतातील साखर रक्तात उतरते आणि स्नायू ताठ होतात. शरीर लढण्यासाठी किंवा पळण्यासाठी सज्ज होते. १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात कॅनन यांनी हे सारे सविस्तर मांडले.

त्याच संशोधनातील एक निरीक्षण येथे विशेष उपयोगाचे आहे. एका अटीतटीच्या फुटबॉल सामन्यानंतर हार्वर्डच्या २५ खेळाडूंची लघवी तपासली असता १२ जणांच्या लघवीत साखर आढळली. या बारांपैकी पाच जण बदली खेळाडू होते. ते मैदानात उतरलेच नव्हते. कडेला बसून आपली पाळी येण्याची वाट पाहत होते. अर्थात शरीर ज्या श्रमासाठी सज्ज होते, तो श्रम प्रत्यक्ष घडलाच पाहिजे असे नाही. केवळ प्रतीक्षेनेही शरीर तेवढेच ढवळून निघते.

रुग्णालयाच्या बाकावरील स्त्री ही त्या बदली खेळाडूसारखीच असते. छातीतील धडधड, कोरडा घसा, पोटातील कालवाकालव, पुनःपुन्हा लघवीला जावेसे वाटणे ही दुबळेपणाची किंवा भित्रेपणाची लक्षणे नव्हेत. ती एका निरोगी चेतासंस्थेची नित्याची कामे आहेत. मात्र येथे अडचण अशी की पळावयाचे नाही आणि लढावयाचेही नाही. उलट स्वस्थ पडून राहावयाचे आहे. शरीराने केलेली तयारी आणि प्रसंगाची गरज या दोहोंत विरोध उत्पन्न होतो.

भय, ताण आणि वेदना

हा विरोध नेमका कोठे जाणवतो, हे इंग्लंडमधील प्रसूतितज्ज्ञ ग्रँटली डिक-रीड यांनी प्रसूतीच्या संदर्भात सांगितले. १९३३ आणि १९४२ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकांत त्यांनी असे मांडले की भयाने स्नायू ताणले जातात, ताणलेल्या स्नायूंमुळे वेदना वाढते, आणि वाढलेली वेदना भयाला दुजोरा देते. प्रसूतीविषयीची त्यांची सर्वच मते पुढे मान्य झाली नाहीत. परंतु भय, ताण व वेदना यांचे हे चक्र स्त्रीरोगतपासणीच्या टेबलावर स्पष्ट दिसते.

ओटीपोटाच्या तळाशी स्नायूंचा एक पडदा असतो. योनिमार्ग त्यातून जातो. भीतीच्या क्षणी जसे खांदे उचलले जातात आणि दात आवळले जातात, तसाच हा पडदाही नकळत आवळला जातो. अशा वेळी डॉक्टरांनी स्पेक्युलम हे उपकरण आत सरकविले, तर ते आवळलेल्या स्नायूंवर दाबते आणि दुखते. दुखल्यामुळे स्नायू अधिकच आवळतात. ‘सैल सोडा, सैल सोडा’ असे नुसते ओरडून हे स्नायू सैल होत नाहीत, कारण ते इच्छेने आवळलेले नसतात.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. वेदनेवर भीतीचा परिणाम होतो, याचा अर्थ वेदना काल्पनिक असते असा नव्हे. गर्भाशयमुखात कापल्याची तीव्र जाणीव त्वचेच्या मानाने कमी असते. तेथील ताण व ओढ ही ओटीपोटात पाळीसारखी कळ येऊन जाणवते. पुष्कळ स्त्रियांना दाब आणि मध्यम कळ एवढेच जाणवते, पण काहींना खरोखर तीव्र दुखते. रजोनिवृत्तीनंतर योनिमार्ग कोरडा व नाजूक झालेला असल्यास, ओटीपोटाचा जुना विकार असल्यास किंवा पूर्वी कधी अत्याचार सोसावा लागलेला असल्यास ही तपासणी अधिक कठीण जाते. अशा स्त्रीला ‘काही दुखत नाही, उगाच बाऊ करू नका’ असे म्हणणे हे असत्य तर आहेच, शिवाय घातकही आहे; कारण त्यानंतर तिचा डॉक्टरांच्या कोणत्याच शब्दावर विश्वास राहत नाही.

माहितीने भीती जाते काय?

भीती अज्ञानातून जन्मते, म्हणून माहिती दिली की ती जाईल, असे सकृद्दर्शनी वाटते. हे अर्धेच खरे आहे.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अर्व्हिंग जॅनिस यांनी शस्त्रक्रियेसाठी आलेल्या रुग्णांचे निरीक्षण करून १९५८ साली एक लक्षणीय विचार मांडला. येणाऱ्या प्रसंगाची थोडी काळजी आधीच करणे हे मनाचे एक आवश्यक काम आहे, असे त्यांचे म्हणणे होते. ज्याने ‘काहीच होणार नाही’ अशी समजूत करून घेतली, तो प्रत्यक्ष वेदना होताच गोंधळतो आणि रागावतो. ज्याने काय घडेल याची मनाशी उजळणी केली, तो अधिक सावरलेला असतो. जॅनिस यांनी भीती व सुधारणा यांचे जे प्रमाण मांडले, ते पुढील अभ्यासांत जसेच्या तसे आढळले नाही. परंतु मनाची आगाऊ तयारी उपयोगी पडते, हा त्यातील गाभा टिकून राहिला.

१९६४ साली बॉस्टन येथील मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधील भूलतज्ज्ञांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. पोटाची शस्त्रक्रिया व्हावयाच्या ९७ रुग्णांचे त्यांनी दोन गट केले. एका गटाला भूलतज्ज्ञाने आदल्या दिवशी भेटून सांगितले की शस्त्रक्रियेनंतर कोठे दुखेल, किती दुखेल, ते का दुखते, स्नायू सैल कसे सोडावेत, श्वास कसा घ्यावा आणि कूस कशी बदलावी. त्याने हेही सांगितले की एवढे करूनही दुखणे असह्य झाले, तर औषध मागावे. दुसऱ्या गटाला हे सांगितले नाही. पहिल्या गटाला वेदनाशामक औषध सुमारे निम्मेच लागले. कोणता रुग्ण कोणत्या गटातील आहे याची शल्यचिकित्सकांना कल्पना नव्हती. तरी त्यांनी पहिल्या गटातील रुग्णांना सरासरी २.७ दिवस आधी घरी पाठविले.

याच्या शेजारी दुसरा निष्कर्ष ठेवून पाहावा. कॉल्पोस्कोपीला आलेल्या स्त्रियांची चिंता कशाने कमी होते, या विषयीच्या अनेक प्रयोगांचा एकत्रित आढावा २०११ साली घेण्यात आला. त्यात असे दिसले की केवळ माहितीपत्रक हाती दिल्याने चिंता कमी झाली नाही. ज्ञान वाढले, संमती समजून-उमजून देता आली; पण चिंता तेवढीच राहिली. तपासणी चालू असताना संगीत ऐकविल्याने मात्र चिंता कमी झाली.

दोन निष्कर्षांतील फरक विचार करण्याजोगा आहे. बॉस्टनच्या रुग्णांना कागद मिळाला नव्हता. एक माणूस भेटला होता. त्याने ‘काय होईल’ एवढेच सांगितले नाही, तर ‘त्या वेळी तुम्ही काय करावे’ हेही सांगितले. भीती दोन गोष्टींवर पोसते: एक अज्ञात आणि दुसरी असहायता. छापील माहिती पहिलीवर इलाज करते. दुसरीवर इलाज करावयाचा तर रुग्णाच्या हाती काहीतरी द्यावे लागते: एखादी कृती, एखादा शब्द, थांबविण्याचा अधिकार. ही पुस्तिकाही अखेर छापील कागदच आहे. ती वाचून जे प्रश्न सुचतील, ते डॉक्टरांना किंवा परिचारिकेला प्रत्यक्ष विचारले गेले, तरच तिचा पूर्ण उपयोग होईल.

टेबलावर काय जाणवते?

म्हणून तपासणीचा क्रम येथे डॉक्टरांच्या नव्हे, तर स्त्रीच्या बाजूने पाहू.

शक्य तो पाळीचे दिवस टाळून तारीख घेतात. पाळी चुकली असल्यास, रक्त पातळ करणारे औषध चालू असल्यास किंवा आयोडीनची ॲलर्जी असल्यास ते आधी सांगावयाचे असते. पूर्ण भूल द्यावयाची नसल्याने उपाशी राहण्याची सामान्यतः जरुरी नसते. थोडे खाऊन गेल्यास घेरी येण्याचा संभव कमी होतो. आत जाण्यापूर्वी लघवी करून यावे, म्हणजे मूत्राशयावर दाब पडत नाही.

कमरेखालचे कपडे काढून पाठीवर निजावयाचे आणि पाय आधारांवर ठेवावयाचे असतात. अंगावर चादर घेतात. यानंतर स्पेक्युलमचा स्पर्श होतो. तो धातूचा असल्यास थंड लागतो. पुढे भरल्यासारखे आणि ताणल्यासारखे वाटते. मग कापसाच्या बोळ्याने गर्भाशयमुखावर ३ ते ५ टक्के शक्तीचे ॲसेटिक आम्ल, म्हणजे स्वयंपाकघरातील व्हिनेगारसारखेच द्रावण, लावतात. ते गार वाटते, क्वचित झोंबते. बदललेल्या पेशी त्यामुळे पांढुरक्या दिसू लागतात. कधी आयोडीनचे तपकिरी द्रावणही लावतात. या सर्व वेळी डॉक्टर भिंगातून पाहत असतात. शांतता पसरते, आणि ही शांतताच पुष्कळ स्त्रियांना भिववते. ‘काहीतरी वाईट दिसले असावे’ असे वाटते; वस्तुतः द्रावणाचा परिणाम दिसण्यास मिनिटभर थांबावेच लागते.

तुकडा काढावयाचा असल्यास चिमट्यासारख्या उपकरणाचा ‘कट्’ असा आवाज येतो आणि एक-दोन क्षण चिमटा किंवा कळ जाणवते. गर्भाशयमुखाच्या आतील भागाचा नमुना खरवडून घेतल्यास ओटीपोटात पाळीसारखी जोराची कळ येऊ शकते. ती थोड्या वेळाने ओसरते. रक्त थांबविण्यासाठी औषध लावतात. त्यामुळे पुढील दोन-तीन दिवस अंगावरून काळसर किंवा तपकिरी स्राव जातो. हे आधी माहीत नसलेल्या स्त्रिया तो पाहून घाबरतात.

काहींना गर्भाशयमुखाला स्पर्श होताच नाडी मंद होऊन घेरी आल्यासारखे होते. व्हेगस या तंत्रिकेची ही प्रतिक्रिया असते. पडून राहिल्याने व पाय उंच केल्याने ती काही मिनिटांत जाते. तपासणी संपताच झटकन उठू नये, याचे कारण हेच.

हाती असलेली साधने

श्वास हे पहिले साधन. श्वास घेताना हृदय किंचित जलद आणि सोडताना किंचित मंद चालते. म्हणून उच्छ्वास लांबविल्यास हृदयावरील व्हेगसचा अंमल वाढतो व धडधड उतरते. चार मोजेपर्यंत श्वास आत आणि सहा-सात मोजेपर्यंत बाहेर, असे काही मिनिटे करावे. स्पेक्युलम आत येताना श्वास रोखून धरण्याऐवजी तो सोडावा. हा सराव आदल्या दिवसांपासून घरी केलेला असावा. टेबलावर तो प्रथमच शिकता येत नाही.

दुसरे साधन स्नायूंचे. शिकागो येथील एडमंड जेकबसन यांनी १९२९ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात स्नायू क्रमाने सैल करण्याची पद्धत शिकविली. एखादा स्नायू आधी मुद्दाम आवळावा आणि मग सोडावा. म्हणजे आवळलेपणा व सैलपणा यांतील फरक कळू लागतो. मुठी, खांदे, जबडा, पोट, मांड्या या क्रमाने हे केल्यास ओटीपोटाचा तळही सैल करता येऊ लागतो.

तिसरे साधन शब्दांचे. ‘मी हात वर केला तर थांबा’ असे तपासणीपूर्वीच डॉक्टरांशी ठरविता येते. लहान आकाराचा स्पेक्युलम मागता येतो. तो स्वतःच्या हाताने आत सरकविण्याची इच्छा असल्यास तसे विचारता येते. आधी वेदनाशामक गोळी घ्यावी काय, तुकडा काढण्यापूर्वी जागा बधिर करता येईल काय, हेही विचारावे. प्रत्येक ठिकाणी प्रत्येक सोय असेलच असे नाही. पण विचारणे हा उपद्रव नव्हे. ठरविलेला हात एकदाही वर करावा न लागला तरी, तो वर करता येतो या जाणिवेनेच पुष्कळ काम झालेले असते.

संकोच आणि संशय

या तपासणीच्या भीतीत वेदनेच्या भयाहून निराळे दोन धागे असतात. पहिला संकोचाचा. फेब्रुवारी १८८३ मध्ये बंगालमधील श्रीरामपूर येथे आनंदीबाई जोशी यांनी जाहीर भाषण केले आणि वैद्यक शिकण्यासाठी अमेरिकेला जाण्याची कारणे सांगितली. पुरुष डॉक्टरांपुढे आपले दुखणे उघड करण्यास संकोचणाऱ्या देशभगिनींना स्त्री-डॉक्टरांची गरज आहे, हे त्यांतील प्रमुख कारण होते. १८८६ साली त्या फिलाडेल्फियातून पदवीधर झाल्या. त्याच वर्षी मुंबईत स्त्रिया व मुले यांच्यासाठी कामा रुग्णालय उघडले आणि एडिथ पेची या स्त्री-डॉक्टरांकडे त्याची सूत्रे आली. म्हणजे हा संकोच नवा नाही आणि त्याची दखलही नवी नाही. भारतातील रुग्णहक्कांच्या सनदेत, पुरुष डॉक्टर स्त्रीची तपासणी करीत असता दुसरी स्त्री उपस्थित असली पाहिजे, असे नमूद केलेले आहे. तशी मागणी करण्यात लाजण्याजोगे काही नाही.

दुसरा धागा संशयाचा: ‘टेबलावर निजल्यावर हे आणखी काय करतील?’ हा संशय सर्वस्वी निराधार आहे, असे म्हणता येत नाही. २०१९ साली महाराष्ट्र शासनाने नेमलेल्या समितीच्या निमित्ताने बीड जिल्ह्यातील ऊसतोड करणाऱ्या सुमारे ८२ हजार स्त्रियांची पाहणी झाली. त्यांपैकी १३ हजारांहून अधिक स्त्रियांचे गर्भाशय काढलेले आढळले. बाकावरील शेजारणीच्या प्रश्नामागे अशा कहाण्या असतात. म्हणून कायदा काय सांगतो, हे प्रत्येक स्त्रीला ठाऊक असावे. २००८ सालच्या एका महत्त्वाच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की तपासणीपुरती दिलेली संमती ही शस्त्रक्रियेची संमती ठरत नाही. तातडीने जीव वाचविण्याचा प्रसंग नसेल, तर भुलेखाली असलेल्या सज्ञान रुग्णाच्या वतीने नातलगाने दिलेली संमतीही पुरेशी नाही. संमतिपत्रावर काय लिहिले आहे ते वाचून किंवा वाचवून घेऊनच सही अथवा अंगठा करावा. कॉल्पोस्कोपीत गर्भाशय काढले जात नाही. लहानशा बायॉप्सीमुळे मूल होण्यासही बाध येत नाही.

एचपीव्हीच्या नावाने घरात उठणारा संशय हाही असाच अनर्थकारक असतो. हा संसर्ग लैंगिक संबंधातून येतो हे खरे. परंतु तो इतका सार्वत्रिक आहे की विवाहित जीवन जगणाऱ्या बहुतेक स्त्री-पुरुषांना तो कधी ना कधी होऊन जातो, आणि तो अनेक वर्षे सुप्त राहू शकतो. चाचणीच्या निकालावरून कोणाच्याही चारित्र्याविषयी अनुमान काढता येत नाही.

सोबत आणि नंतर

सोबत येणाऱ्या माणसाचे काम धीराचे उपदेश करण्याचे नाही. ‘घाबरू नकोस’ या शब्दांनी भीती कमी होत नाही. घाबरणे हा आपला दोष आहे असे मात्र वाटू लागते. त्यापेक्षा ‘तुला कशाची जास्त भीती वाटते?’ असे विचारावे, उत्तर ऐकून घ्यावे, प्रश्न कागदावर लिहून द्यावेत आणि परत जाताना हात धरावा. एवढे पुरे होते.

तपासणीनंतर थोडे दुखणे आणि काही दिवस थोडे रक्त किंवा स्राव जाणे अपेक्षित आहे. बायॉप्सी झाली असल्यास डॉक्टर सांगतील तितके दिवस शरीरसंबंध टाळावा. पाळीहून अधिक रक्त जाणे, ताप येणे, ओटीपोटात वाढत जाणारे दुखणे किंवा दुर्गंधीयुक्त स्राव यांपैकी काही झाल्यास लगेच रुग्णालयात जावे. तुकड्याचा अहवाल केव्हा, कोठे व कोणाकडून मिळेल, हे निघण्यापूर्वीच विचारून ठेवावे. कारण अहवालाची वाट पाहण्याचे दिवस पुष्कळांना तपासणीहून कठीण जातात.

भीती पूर्णपणे घालविणे हे या सर्व उपायांचे ध्येय नाही. काही भीती राहणारच, आणि तिने बिघडत नाही. ती घेऊनही बाकावरून उठून आतल्या खोलीत जाता यावे, आणि आत गेलेल्या स्त्रीला तेथे ऐकणारा माणूस भेटावा, एवढेच साधावयाचे आहे. यातील पहिली गोष्ट काही अंशी स्त्रीच्या हाती आहे. दुसरी सर्वस्वी रुग्णालयाची जबाबदारी आहे.

अभ्यासासाठी प्रश्न

१. मैदानात न उतरलेल्या बदली खेळाडूंच्या लघवीत साखर का आढळली असावी? या निरीक्षणाचा परीक्षेपूर्वी विद्यार्थ्यांना होणाऱ्या त्रासाशी संबंध जोडून दाखवा.

२. भय, ताण व वेदना यांचे चक्र कोणकोणत्या ठिकाणी तोडता येईल?

३. माहितीपत्रकाने ज्ञान वाढले, पण चिंता कमी झाली नाही. बॉस्टनच्या प्रयोगाशी तुलना करून याची कारणे सांगा.

४. ‘काही दुखत नाही’ असे खोटे आश्वासन रुग्णाला का देऊ नये?